झाकणाआडच्या खुणा
पेट्रोलचा वास आला की घाटकोपरच्या नाक्यावर पेट्रोलात पुर्जे धुणारे घड्याळवाले काका आठवतात. गिरणी संपाच्या वर्षी मी पत्रकं वाटत त्यांच्या टपरीशी थांबले, तेव्हा ते एका शेटचं जुनं चांदीचं खिशातलं घड्याळ हातात धरून बसले होते. शेटला ते वितळवून नातवासाठी वाटी करायची होती, म्हणून आतलं यंत्र काढायला दिलं होतं. “मोडा की काका, शेटचेच चोचले ते!” मी म्हटलं. “गप गं, आधी बघ,” म्हणत त्यांनी भिंग दिलं. झाकणाच्या आत, दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक कारागिराने सुईने कोरलेली आपली बारीक खूण होती. “ही माझ्या उस्तादांची.” माझं डोकंच फिरलं. घड्याळ घेऊन तशीच शेटच्या घरी गेले. “वाटीला दुसरी चांदी घ्या. ही कामगारांची सही आहे!” शेटने झाकणात बराच वेळ पाहिलं आणि घड्याळ खिशात ठेवलं. तेव्हा जरा हळू बोलायला हवं होतं का? मुळीच नाही.