बंबाखूचा कागद

श्रीपाल सुटीला घरी आला की पद्मावती आधी पंचांगाकडे बघे. पोरगा वाळला आहे की नाही, हे मागाहून. कारण पोरगा कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता आणि त्यातून त्याला एक छंद जडला होता: दिसेल ते रोप मुळासकट उपटायचं, जुन्या वर्तमानपत्रात पसरायचं आणि दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवायचं. घर जैनांचं, निपाणीपासून दोन कोसांवरच्या खेड्यातलं. अष्टमी-चतुर्दशीला त्या घरात हिरवं शिजत नसे, रानातही हिरव्या पानाला नख लागत नसे. तंबाखूचे फुटवे खुडायचं काम कितीही निकडीचं असो, त्या दिवशी बंद. शास्त्राला मात्र तिथी कळत नव्हती.

“बाकीचं दिस काय कमी हाईत व्हय?” आई म्हणायची. “चतुर्दशीला तरी तुजं शास्तर बांधून ठेव.”

आणि तो ठेवायचा. बी.एस्सी.च्या वर्गात बसणारा वीस वर्षांचा गडी, पण आईपुढं त्याचं काही चालत नसे, आणि खरं सांगायचं तर चालवावं असं त्याला वाटतही नसे. सुटी म्हणजे अर्धा दिवस रान आणि अर्धा दिवस कागद. दिवाळीत तो सगळ्यांबरोबर तंबाखूचे शेंडे खुडायला उभा राही. तंबाखूचा चीक एकदा हाताला बसला की चिंचेनं घासा नाहीतर राखेनं, काळेपणा आठवडाभर जात नाही. बोर्डिंगातली पोरं त्याला शाईची दौत सांडली का म्हणून चिडवत. तो हसून सोडून देई.

वाळलेलं रोप जाड कागदावर टाचलं की खाली चार ओळी लिहायच्या. कॉलेजचे कागद इंग्रजीत, घरचे मराठीत. नाव, ठिकाण, तारीख आणि आणणारा. पहिल्या तीन ओळी दर कागदाला बदलत. चौथी ओळ तीच: आणणारा श्रीपाल. ही ओळ तो जरा वळणदार अक्षरात लिही. त्या वयात स्वतःचं नाव लिहायला कुणाला आवडत नाही?

त्याच्या वडिलांना, शांतिनाथ आप्पांना, या कागदांचं कौतुक नव्हतं. त्यांचं सगळं कौतुक रानापाशी संपत असे, आणि त्या रानाचा एक लौकिक होता. आसपासच्या शिवारात तंबाखूला बंबाखू लागलेला होता. बंबाखू म्हणजे तंबाखूच्या मुळावर जगणारं बांडगूळच. थंडीत बुडाशी फिकट, बिनपानाचे कोंब वर येतात, जांभळट फुलं धरतात आणि वरचं झाड उभ्या उभ्या खंगत जातं. आप्पांच्या रानात तो कधीच आला नव्हता. याचं निम्मं श्रेय मष्णूचं. मष्णू त्यांच्याकडे पंधरा वर्षं कामाला होता. बाहेरून आलेल्या माणसाचेच काय, बैलाचे खूरही तो विहिरीवर धुऊन घेतल्याशिवाय रानात सोडत नसे. श्रीपालला त्यानं खांद्यावर बसवून रान दाखवलेलं. ‘काय रं श्रीपाल’ असंच त्याचं बोलणं.

१९३९ची संक्रांत होऊन गेली होती. प्राध्यापकांनी मुळावर जगणारी एखादी वनस्पती आणायला सांगितलं होतं, ती ज्या झाडावर जगते त्याच्या मुळासकट. श्रीपाल सुटीला येताना कोगनोळीला मोटारीतून उतरला. तिथं मामाचं रान होतं आणि त्या रानात बंबाखूचा सुकाळ होता. अडचण एकच, दिवस चतुर्दशीचा. श्रीपाल बांधावर उभा राहून विचारात पडला. आणि मग त्याला सुचलं की बंबाखू हिरवा नसतोच! पान नाही, हिरवा रंग नाही, त्याचंच तर शास्त्र. नेम हिरव्याचा आहे, बंबाखूचा कुठे आहे? शिकल्या पोराला अशा पळवाटा लवकर सापडतात. तंबाखूचं एक खंगून वाळलेलं खोड होतं, त्याच्या मुळासकट त्यानं चार चांगले वाळत आलेले, बोंडं धरलेले कोंब काढले आणि कागदात गुंडाळून घरी आला.

पद्मावतीनं दारातच अडवलं. “हिरवं न्हाय म्हणतोस, पर जीव तर हाय न्हवं त्यात? उपटल्यालं आज उंबऱ्याच्या आत नगं.”

म्हणून पुडकं त्या दिवशी रानातल्या खोपीत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बांधावरच्या लिंबाखाली बसून कागद बदलले. जुन्या कागदात काळसर पीठ साचलं होतं. माती असेल म्हणून त्यानं कागद दोन-तीनदा झटकला. वारा चांगला होता. श्रीपाल शीळ घालत घरी गेला. पुढं मराठी ओळींचा एक कागद घरच्या ट्रंकेत राहिला, इंग्रजीचा कॉलेजात गेला. तो प्राध्यापकांना इतका आवडला की प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागला.

त्याच वर्षी दिवाळीला तो घरी आला, तेव्हा मष्णू रानात नव्हता.

“त्येचं नाव काढू नगंस,” आप्पा म्हणाले. लिंबाजवळच्या ओळींत बंबाखू उगवला होता. एक नाही, दोन नाही, झाडागणिक झुबके. गेल्या संक्रांतीला मष्णू चार दिवस कोगनोळीला मजुरीवर गेला होता आणि तीच घोंगडी पांघरून परत रानात आला होता. आप्पांना दुसरा पुरावा नको होता. गावानंही तो मागितला नाही. मष्णूच्या पायाला बंबाखू आहे, असं बोललं जाऊ लागलं आणि कुणी त्याला आपल्या रानात घेईना.

श्रीपाल लिंबाखाली जाऊन उभा राहिला. त्या कोंबाचं बी पिठाहून बारीक असतं, एका बोंडात शेकड्यांनी असतं, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. त्याबद्दल त्याला मार्क मिळाले होते. आता त्याला इथं झटकलेला कागद आठवला. रान गेलं याचं दुःख होतंच, पण मष्णूचं तोंड डोळ्यापुढून हलेना.

त्यानं बोलायला हवं होतं. बोलला नाही. सुटी संपेपर्यंत मान खाली घालून बंबाखू उपटत राहिला आणि कोल्हापूरला निघून गेला. त्याला भ्याड म्हणायचं तर म्हणावं, त्यानं स्वतःला म्हटलंच होतं. प्रयोगशाळेत गेला की भिंतीवरचा तो कागद समोर. प्राध्यापक नव्या पोरांना तो दाखवत आणि याच्या पाठीवर थाप मारत. महिनाभर त्यानं ती थाप खाल्ली.

नाताळच्या सुटीत तो घरी आला. दुपारची वेळ होती, आप्पा सोप्यावर बसले होते. कसं सांगायचं हे वाटेत शंभर वेळा घोकलेलं. शेवटी त्यानं ट्रंक उघडली, कागद काढला आणि आप्पांपुढं ठेवला.

आप्पांचं वाचन बोट लावून चाले. “नाव, बंबाखू. ठिकाण, कोगनोळी, मामाचं रान. तारीख…” ती त्यांनी दोनदा वाचली. मग बोट खालच्या ओळीवर आलं. “आणणारा, श्रीपाल.”

बोट तिथंच राहिलं.

“कागद मी बांधावर झटकला आप्पा,” श्रीपाल म्हणाला. “लिंबाखाली.”

आत भांड्यांचा आवाज थांबला.  आप्पा ओरडले असते तर श्रीपालला बरं वाटलं असतं.

“ह्याचं बी किती दिस जगतंय मातीत?”

“दहा-बारा वर्सं, असं पुस्तकात हाय.”

“मग बारा वर्सं येत जा,” आप्पा म्हणाले आणि पटका घेऊन उठले. “चल आता मष्णूकडं. येतो मी, पर बोलायचं तू.”

मष्णू दारात चऱ्हाट वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हात थांबवले नाहीत. आप्पा म्हणाले, “चुकलो मी, मष्णू.” पंधरा वर्षांत हे वाक्य त्यानं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“लोक माजं तोंड बघत न्हाईत आप्पा, पाय बघत्यात,” तो म्हणाला. मग श्रीपालकडे वळला. “तुमी हितं दारात सांगून काय उपेग? नाव बाजारात गेलंय.”

‘तुमी’ म्हणाला तो. श्रीपालला तो शब्द काट्यासारखा लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी निपाणीत, तंबाखूच्या वखारीपुढं शेतकरी बसतात तिथं, श्रीपालनं कागद हातात धरून सगळं सांगितलं. लोक हसले. कॉलेजात जाऊन पोरानं बंबाखू आणला म्हणाले. ‘बंबाखू बी.एस्सी.’ हे नाव त्या दिवशी पडलं ते कायमचं. परीक्षेचा निकाल अजून लागायचा होता, पदवी बाजारानं आधीच देऊन टाकली. श्रीपालनं ती मुकाट्यानं घेतली. आठवड्यानं मष्णू रानात परत आला. सगळ्यांशी पूर्वीसारखा बोलू लागला, श्रीपालला मात्र ‘तुमी’च.

श्रीपाल पास झाला. प्राध्यापक त्याला पुण्याला आणखी शिकायला पाठवणार होते. त्यानं बेळगावच्या एका हायस्कुलात शास्त्राच्या मास्तराची नोकरी धरली, कारण बेळगावहून शनिवारी दुपारची मोटार गाठली की दिवस मावळायच्या आत निपाणीला येता येतं. दिवाळीपासून माघापर्यंत, अष्टमी-चतुर्दशी सोडली तर, त्याचा एकही रविवार चुकला नाही. विहिरीवर पाय धुवायचे, ओळीत वाकायचं, बी धरायच्या आत कोंब उपटून पोत्यात भरायचे आणि रानाबाहेर जाळायचे. कागद-फळ्या माळ्यावर गेल्या. रानात कागद न्यायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याची आठवण त्याला येत असे. विशेषतः पाठ भरून आली की येत असे.

अशी सात वर्षं गेली. १९४६च्या डिसेंबरात बापलेक आणि मष्णू सगळं रान पालथं घालून लिंबापाशी आले, तेव्हा पोतं रिकामं होतं. मष्णू बुडाशी वाकला आणि एकच कोंब मुळासकट घेऊन उभा राहिला. जांभळी फुलं नुकती उमलली होती. त्यानं ती नखानं उघडून पाहिली.

“बी धरल्यालं न्हाय,” तो म्हणाला. श्रीपालनं पोत्याचं तोंड उघडून धरलं. मष्णूनं कोंब टाकला नाही.

“कागद हाय का?”

“रानात न्हाय आणत मी.”

“भाकरी कशात आणलीसा?”

श्रीपालनं खिशातून भाकरीचा वर्तमानपत्राचा कागद काढून मांडीवर पसरला. मष्णूनं कोंब त्यावर आडवा ठेवला, मुळं नीट केली. कॉलेजच्या सुट्यांत श्रीपालचे हे कागद बघायला पोराटोरांत तोही येऊन बसे.

“खाली चार वळी लिवतोस न्हवं तू?”

“व्हय,” श्रीपाल म्हणाला आणि थांबला. “पर ती शेवटची वळ नगं वाटती आता.”

“आणणारा नगंच,” मष्णू म्हणाला. “काढणारा लिव. काढणारा मष्णू. आन् जरा वळणदार लिव रं.”

श्रीपालनं मान हलवली. अजून पाच वर्षं यायचं होतं. त्यानं कागदाची घडी घातली, पण डोळे भरून आल्यामुळे ती वाकडी पडली, आणि आप्पांनी ती त्याच्या हातातून घेऊन सरळ केली.