चुकीचे भाग

सासू-सुनांच्या मालिका बघणाऱ्यांतला मी नव्हे. पण अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला नोकरीला लागून वर्ष झालं आणि आईशी फोनवर बोलायला विषयच उरले नाहीत. जेवलास का, थंडी किती आहे, ऑफिसात कसं काय. एवढं झालं की दोन्हीकडे शांतता. तेवढ्यात एका मराठी वाहिनीने आदल्या दिवशीचे भाग वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. आई सांगलीत रोज संध्याकाळी बघायची ती मालिका त्यात होती. तिच्याशी बोलायला काहीतरी असावं, एवढ्याचसाठी मी ती बघायला लागलो.

आणि जमलं की! "त्या आत्याबाईला कुणीतरी घराबाहेर काढा," मी म्हणायचो. "असं बोलू नये रे मोठ्या माणसांना," आई म्हणायची, आणि पुढची दहा मिनिटं स्वतःच आत्याबाईचा उद्धार करायची. घरी होतो तेव्हाही आम्ही मायलेक इतकं कधी बोललो नव्हतो.

वेबसाइट मात्र दिव्य होती. प्रत्येक भाग तीन तुकड्यांत असायचा. पहिला दिसायचा, तिसरा दिसायचा, मधला बेपत्ता. कधी चित्र थिजायचं आणि आवाज पुढे चालू. कधी नुसतं चक्र फिरत राहायचं, माझा चहा पिऊन कप धुऊन झाला तरी. एकदा तर आमच्या मालिकेच्या नावाखाली शेतीचा कार्यक्रम लागला आणि मला उसावरच्या खोडकिडीची बरीच माहिती झाली. माझं पोटापाण्याचं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून त्यांना कळवायच्या. त्याच शिस्तीत मी वाहिनीला तक्रारी लिहायचो: काय केलं, काय दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात काय दिसलं. उत्तर ठरलेलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये एक काकू होत्या, माझ्या सहकाऱ्याच्या आई. त्यांच्याकडे डिश होती, मालिका रोज दिसायची. पण एकट्या पोराने आत्याबाईसाठी रोज दुसऱ्याच्या सोफ्यावर जाऊन बसायचं म्हणजे अतीच झालं असतं.

हिवाळ्यात त्या वेबसाइटने पूर्णच मान टाकली. नवीन भाग येईनात. त्याच सुमारास बाबांनी सांगितलं की घरचा फोन डेड झालाय, ताईच्या मोबाइलवर करत जा. सांगलीत फोन डेड होणं ही काही बातमी नव्हे. मी ताईच्या मोबाइलवर करायला लागलो.

आता आईच मला मालिका सांगू लागली. "तुला कुठपर्यंत दिसलं होतं?" एवढं पहिल्या दिवशी विचारून घेतलं आणि पुढे रोज थोडं थोडं. काय सांगायची! आत्याबाईने दागिने लपवल्याचं कबूल केलं. धाकट्या सुनेने शिवणाचा क्लास काढला. आणि दुबईला गेलेल्या थोरल्या मुलाचं पत्र आलं, तो परत यायला निघाला. मध्येच तिला दम लागायचा. मी विचारलं तर म्हणायची, "गच्चीवरून कपडे काढून आणले रे आत्ता." मी तिला म्हटलं, "आई, त्या लेखकापेक्षा तू बरं सांगतेस." ती हसली, मग खोकला आला, मग ताईने फोन घेतला.

एका शनिवारी सकाळी बघतो तर वेबसाइट नवीकोरी. राहिलेले सगळे भाग ओळीने लावलेले, चित्र स्वच्छ, कुठे अडकणं नाही. बाहेर नेहमीचा पाऊस लागला होता, मी चहा घेऊन बसलो. पण कथा काही जुळेना. आत्याबाई अजून उजळ माथ्याने फिरत होती. धाकटी सून अजून रडतच होती. थोरल्या मुलाचं तर कुणी नावही काढत नव्हतं.

मला काय वाटावं? की या लोकांनी पुन्हा घोळ घातला! जुनेच भाग नव्या तारखांनी लावले. मी ताबडतोब तक्रार लिहायला घेतली. काय दिसायला हवं होतं, या मथळ्याखाली आईने सांगितलेली सगळी गोष्ट मुद्देसूद लिहिली, थोरल्याच्या पत्रासकट. पाठवून दिली.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे रविवारची सकाळ, आईला फोन केला. "अगं, साइट चालू झाली, पण चुकीचे भाग लावलेत गाढवांनी. तूच सांग पुढचं."

ती म्हणाली, "आला बरं का तो."

"कोण, थोरला?"

"हं. सामान दारातच टाकलं आणि आधी स्वयंपाकघरात आला. आईने पान वाढलं. भात, आमटी, तूप."

"आणि आत्याबाई?"

"ती कुठली आलीय मध्ये? दोघंच होती. तो जेवत होता आणि ही बघत बसली होती." एवढ्यावर तिला बराच दम लागला. "आता उद्या सांगते," ती म्हणाली. तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

रविवारी काकूंनी जेवायला बोलावलं होतं. पानावर बसता बसता मी त्यांना वेबसाइटचा घोळ रंगवून सांगितला. काकू वाढता वाढता थांबल्या. "अरे, पण तेच भाग बरोबर आहेत. थोरला कुठे आलाय परत? तो नट तर कधीच सोडून गेला."

मी तसाच उठून त्यांच्या पॅसेजमध्ये गेलो आणि ताईला फोन लावला. "ताई, थोरला परत आलेला नाही," एवढंच म्हणालो. ती रडायलाच लागली. आईच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. किती तरी दिवस ती मिरजेला हॉस्पिटलमध्ये होती, आणि तिच्या वॉर्डात टीव्ही नव्हता. "काल संध्याकाळपासून ती कुणाला ओळखत नाहीये रे," ताई म्हणाली. "आम्हाला शपथ घातली होती. तुझा व्हिसा रिन्यूअलला गेलाय, आत्ता निघालास तर अडकशील, असं तूच म्हणाला होतास ना?"

परदेशातल्या मुलाला घरचं दुखणं कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच. त्याला उगाच घोर नको! त्या रीतीला आग लागो. मिळेल त्या विमानाने निघालो, आणि मी पोचलो तेव्हा सांगलीच्या घरात तिला बर्फावर ठेवलं होतं. बाबांशी मी तेरा दिवस धड बोललो नाही. ते समोर येऊन बसायचे, मी उठून जायचो.

ताईने मला हळूहळू सगळं सांगितलं. ती आईला म्हणाली होती की शेजारणीला विचारून येते मालिकेत काय झालं ते. आई म्हणाली, "कशाला? पुढे काय व्हायला पाहिजे ते मला कळतंय की." दुपारभर डोळे मिटून पडायची, आणि ताईला वाटावं झोप लागली, तर मध्येच विचारायची, "काल मी त्याला कुठपर्यंत सांगितलं होतं गं?"

ती वेबसाइट धड चालत असती तर माझ्या आईचं खोटं दुसऱ्याच दिवशी उघडं पडलं असतं आणि मी वेळेत पोचलो असतो. लोक समजूत घालतात की निदान तिने एवढी गोष्ट तरी सांगितली. मला गोष्ट नको होती. मला ती हवी होती.

शेवटच्या दिवशी तिने एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "आला का गं?" मालिकेतला की तिचा स्वतःचा, ताईला काही कळेना. ती म्हणाली, "आला, आई. जेवायला बसलाय." मी तेव्हा सिअ‍ॅटलच्या विमानतळावर सामान द्यायच्या रांगेत उभा होतो.