समोरच्या गच्चीवरचा दिवा

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून ती घरी यायची, जेवणं उरकायची आणि गच्चीवर जाऊन तिपाईवर दुर्बीण मांडायची. गल्लीत तिला सगळे दुर्बीणताई म्हणत. नवरा म्हणायचा, या घरात मला सवत आहे, आणि तीही तीन पायांची.

दोन वर्षं तिनं एकाच दीर्घिकेचा ध्यास घेतला होता. आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक दूरचा मेळा. तिथला उजेड इथवर यायला कोट्यवधी वर्षं लागलेली. दुर्बिणीला डोळा लावून तिथं काहीच दिसत नसे. दुर्बिणीला जुना कॅमेरा जोडायचा, खालची मोटर आकाशाच्या चालीनं तिला हळूहळू फिरवायची, एकेक फोटो काही मिनिटं घ्यायचा आणि असे पुष्कळ फोटो संगणकावर एकावर एक रचायचे. तेव्हा कुठं एक पुसट डाग उमटायचा.

त्यात समोरच्या गच्चीवर रात्रभर दिवा जळे आणि फोटोची एक बाजू करडी होऊन जाई. दिवा काकूंचा. आयुष्यभर सुईणीचं काम केलेल्या काकू आता थकल्या होत्या, एकट्याच राहत. थोडा वेळ मालवाल का, असं ताईनं एकदा जाऊन विनवलं. काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मुलगा भांडून निघून गेला तेव्हापासून दिवा विझवलेला नाही. अपरात्री आलाच तर त्याला घर अंधारात दिसायला नको. ताईनं पुन्हा तो विषय काढला नाही. दोन बांबू बांधून काळं कापड ताणलं आणि जमेल तेवढं भागवून घेतलं.

एका संध्याकाळी दिवा लागलाच नाही. नवरा म्हणाला, "चला, फळफळलं तुझं नशीब." ताई मात्र मांडलेली दुर्बीण झाकून तडक समोर गेली.

काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. दुपारी मुलाचा फोन आला होता. खुशाल होता, संसार मांडला होता, दोन लेकरं होती. आवाज चढवला नाही, जुनं उकरलं नाही. फक्त वाट बघू नकोस म्हणाला.

"येणार नाही म्हणतो," काकू म्हणाल्या. "मग कोणासाठी जाळू?"

ताई शेजारी टेकली. मग काकूंनीच विचारलं, आज अंधार आहे तर तुझं काम का खोळंबलंय? ताई नको-नको म्हणत असतानाच त्या कठड्याला धरून उठल्या.

ताईच्या गच्चीवर कॅमेरा सुरू झाला. आता उजेड करायचा नाही आणि दुर्बिणीला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच काम उरलं. दोघी खुर्च्यांवर बसून राहिल्या. मग काकूंचा श्वास अडखळायला लागला.

"रडा काकू," ताई हळूच म्हणाली. "इथं कोणाला दिसत नाही."

काकू पोटभर रडल्या. मोटर बारीक घरघरत राहिली.

चित्र तयार झालं तसं ताईनं ते काकूंना नेऊन दिलं. तिरपी, फिकट चकती, मधे जरा दाट. दिव्याच्या उजेडात काढलेले फोटोही तिनं त्यात धरले होते, म्हणून एक कड अजून करडी होती. ते कशाला घेतलेस, असं काकूंनी विचारलं. त्यांतही ती दीर्घिका आहेच की, ताई म्हणाली.

काकूंनी चष्मा लावून चित्र निरखलं. भिंतीवर लावलं नाही. रोज बघवणार नाही म्हणाल्या आणि कपाटात नीट ठेवून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहून मुलाला फोन लावला. नातवंडांची नावं विचारायची राहून गेली होती.