जाळीपलीकडचा हात

योग्यकर्ताच्या बाजारात फणसाची गोड भाजी विकणाऱ्या सुकीराचा धाकटा मुलगा, सार्वोनो, बोरोबुदुरच्या प्राचीन बौद्ध मंदिरात पहारेकरी होता. सगळ्यात वरच्या टप्प्यावर, जाळीदार स्तूपांपाशी, गळ्यात शिट्टी अडकवून उभं राहायचं आणि दगडाला कुणी हात लावू द्यायचा नाही, एवढंच काम.

थोरला पार्जो मासेमारीच्या जहाजावर गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून सुकीराचं एकच पालुपद. "जाळीत हात घालून आतल्या बुद्धाच्या टाचेला स्पर्श झाला, की बाईला मागितलेलं मिळतं. नेशील ना रे?"

वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणायची जावा बेटावर रीत नाही. सार्वोनो दर वेळी "हो आई" म्हणायचा. असल्या 'हो'चा अर्थ 'नाही', हे तिथं शेंबड्या पोरालाही कळतं. सुकीरा स्वतः गिऱ्हाइकांना असलेच हो देत आली होती. पण पोटच्या पोराचा हो तिनं खरा धरला.

एका सकाळी शेजारच्या लास्मीला घेऊन, धापा टाकत, ती वर हजर झाली.

"अगंबाई, पोरगा साहेब दिसतोय की!" लास्मी म्हणाली. "आता कोण अडवतंय आपल्याला?"

"आई, इथं हात लावायला..."

"तू जरा तिकडं बघ," म्हणत सुकीरानं बाही वर सारली.

हात कोपरापर्यंत आत गेला. शाळेची सहल थबकून बघत होती, पलीकडे वरचा अधिकारी उभा होता. सार्वोनोनं शिट्टी फुंकली.

चटका बसावा तसा सुकीराचा हात बाहेर आला.

"आईवर शिट्टी!" लास्मी कडाडली. "जन्मात पाहिलं नव्हतं."

सुकीरा मात्र हळू बोलली. "मला नाही तर नाही. पण तू रोज इथं असतोस, गर्दीच्या आधी एकटा. भावासाठी एकदा हात घालायला काय झालं होतं?"

घातला होता. नोकरी लागली त्याच आठवड्यात, पुरतं उजाडलंही नव्हतं तेव्हा. पुरुषानं बुद्धाची अनामिका धरायची असते. दगडाला खांदा खरचटेपर्यंत त्यानं ती धरून ठेवली होती आणि पार्जोचं नाव घेतलं होतं. त्यालाही आता किती वर्षं झाली. हे सांगायचं, तर आईपाशी उरलेली एवढीशी आशाही काढून घ्यायची.

"सुचलं नाही गं," तो म्हणाला.

"दगड आहेस," सुकीरा म्हणाली आणि लास्मीचा खांदा धरून उभ्या पायऱ्या उतरू लागली. तिला आधार द्यायला जावं, तर जागा सोडायची परवानगी नव्हती.