तयार मालात रिंग ठेवतं का कुणी?

भरतकामवालीचा हात आणि जीभ दोन्ही धारदार, असे कारखान्यातल्या बायका म्हणत. हाताबद्दलचे निःसंशय खरे होते. बारा वर्षे लाकडी रिंगमध्ये कापड ताणून तिने असंख्य पानेफुले भरली होती. जिभेची धार मात्र घराच्या उंबऱ्याशी बोथट होई. दोन्ही बाळंतपणांत तिचा रक्तदाब इतका चढला होता की तिसरे जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या तिला वर्ज्य होत्या, मूल बंद करण्याची शस्त्रक्रिया रक्तदाब उतरेपर्यंत लांबणीवर पडली होती आणि कंडोमचे नाव काढताच नवरा कूस बदले.

म्हणून तिने दवाखान्यातून बायकांचा कंडोम आणला. कुणाची मनधरणी नको. पण पहिल्याच खेपेला, अंधारात नवऱ्याला कळायच्या आतच, तो निसटला. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून ती तरातरा नर्सबाईंच्या टेबलापाशी गेली.

"बाई, तुमचा माल खोटा आहे."

"आतली रिंग नीट बसली होती का?"

"ती मी आधीच काढून टाकली. तयार मालात रिंग ठेवतं का कुणी?"

नर्सबाईंना हसू आवरेना. "अगं, त्या रिंगवरच तर सगळं टिकतं!"

त्यांनी आधी गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी दिली; ही एकदाच घ्यायची, रक्तदाबालाही चालणारी. मग रिंग चिमटून आत कशी सरकवायची, बाहेरची बाहेरच कशी राहू द्यायची, हे दवाखान्यातल्या शिकवण्याच्या प्लास्टिकच्या नमुन्यावर तिच्याकडून तीनदा करवून घेतले. "आणि दर वेळी नवा."

रविवारी दुपारी नवऱ्याच्या हाती कंडोमचे पाकीट लागले.

"हे कुणाला विचारून आणलंस?"

"डॉक्टरांना."

"आणि मला?"

"तुम्हाला दोन वर्षं विचारतेय. उत्तर कुठं दिलंत?"

"आज ते नको."

"मग आज मीपण नको."

तो चपला सरकवून तणतणत निघून गेला. स्वयंपाकघरातून सासूबाई पुटपुटल्या, "पुरुषाला असं तोडून बोलतात का?"

"मी गेले तर दोन्ही पोरांना तुम्ही सांभाळाल, सासूबाई?"

सासूबाईंनी भांडी आदळली.

चार दिवस घरात अबोला होता. ती वेळेवर कामाला जात होती, पोटभर जेवत होती आणि माघार घेत नव्हती. पाचव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत नवऱ्याने भिंतीकडे बघतच विचारले, "ते तुझं वापरताना आवाज येतो का गं?"

"येतो," ती म्हणाली. "तुमच्या घोरण्याइतका नाही."