क्रिसांतोच्या छातीतले अकरा दणके

क्रिसांतो माग्बानुआ रोज सकाळी आठ-दहा डुकरं कापायचा. पनाय बेटावरच्या त्या गावात लग्न असो की बारसं, सुरी त्याचीच चालायची. मनगट असं, की दोन माणसांना न आवरणारं जनावर तो एकटा दाबून धरी. पण घराण्यात एक खोट होती. त्याचे दोन्ही थोरले भाऊ ऐन तिशीत झोपेतच गेले. गाव म्हणे, छातीवर भूत बसतं. एकोणचाळिसाव्या वर्षी तो स्वतः खाटीकखान्यात कोसळला, तेव्हा इलोइलो शहरातल्या डॉक्टरांनी त्या भुताचं खरं नाव सांगितलं. हृदयातल्या विजेतच जन्मापासून बिघाड होता, आणि ताप आला की तो हमखास उसळणार होता. त्यांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. हृदय भरकटलं की ते आतूनच विजेचा दणका देई.

सात वर्षांत बॅटरी उतरत आली. नवं यंत्र बसवायची तारीख ठरली, आणि त्याच आठवड्यात महामारीने बेट बंद केलं. तातडीच्या नसलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. त्याऐवजी दवाखान्याने एक पांढरी पेटी पाठवली. ती खाटेशेजारी ठेवायची, म्हणजे छातीतली खबर मोबाईलच्या लहरींवरून थेट दवाखान्यात. पण घरात लहरी कुठल्या? शेवटी पेटी पाण्याच्या टाकीवर चढली, आणि क्रिसांतो रोज दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसू लागला.

"अंडी उबवतोय की काय रे?" बायको नेलिया खालून ओरडे.

तिथेच त्याला दवाखान्यातून मिस अनालिनचा फोन येई. यंत्रांवर नजर ठेवणारी ही मुलगी त्याने कधी पाहिली नव्हती; ती त्याला मानोंग, म्हणजे दादा, म्हणे आणि नेलियाला मानांग, म्हणजे ताई. जूनमध्ये ती म्हणाली, "मानोंग, बॅटरीने आता शेवटची सूचना दिलीय. ऑगस्टमध्ये काहीही करून बसवू. तोवर ताप येऊ देऊ नका."

"तापाला मी बोलावणं धाडतो काय?"

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दवाखान्यातली निम्मी माणसं आजारी पडली. तारीख पुन्हा पुढे गेली. आणि ताप आला.

टाकीवरच अंगात कणकण भरली. शिडी उतरून तो टाकीखालीच पेजेची वाटी घेऊन बसला, तोच छातीत आतून कुणीतरी घण घातला. वाटी भिंतीवर फुटली, जीभ दाताखाली आली. तो उठतोय तर दुसरा दणका. पाठ धनुष्यासारखी वाकली. नेलियाने धरलं तेव्हा तोंडात रक्त होतं.

टाकीवरच राहिलेला फोन वाजला, नेलियाने शिडी चढून तो उचलला. पेटीने चुगली केली होती. "मानांग, ताप उतरवा आणि निघा," अनालिन घाईने म्हणाली. "प्रत्येक दणक्याला बॅटरी संपतेय. किती उरलेत, मलाही सांगता येणार नाही."

नेलियाने त्याला ट्रायसिकलच्या, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या, बाजूच्या डब्यात कोंबलं, अंगावर बर्फाची पिशवी टाकली आणि गाडी स्वतः पिटाळली.

गावाच्या तोंडाशी बांबूचा अडसर होता. राखणदारांचा म्होरक्या तेओ वेताची काठी घेऊन उभा. त्याच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून हातावर धरलं होतं ते क्रिसांतोनेच; तेव्हापासून दोघं एकमेकांना पारे म्हणत.

"ताप आहे ना? मग परत फिर, पारे," तेओ म्हणाला. "वरचा हुकूम आहे. तू बाहेर पडलास की रोग शेजारच्या गावभर."

"मी मरतोय, तेओ."

"सगळेच मरतायत!"

क्रिसांतो खाली उतरला आणि अडसराला हात घातला. काठी मनगटावर बसली, मग पाठीवर, मग कानशिलावर. डुकरं लोळवणारा गडी गुडघ्यांवर आला. तेओने कॉलर धरून ओढलं, त्याच क्षणी तिसरा दणका बसला. क्रिसांतो असा उसळला की तेओच्याही हाताला झटका बसला आणि तो किंचाळत मागे पडला.

"लागला! रोग लागला!" कुणीतरी बोंबललं. कुंपणापलीकडून दगड सुटले. ट्रायसिकलची काच फुटली. एक दगड नेलियाच्या कपाळावर बसला आणि रक्त डोळ्यांत उतरलं. तिने ते पुसलंही नाही. सीटखालची नवऱ्याची सुरी काढून तिने अडसराचा दोर एका घावात कापला.

"ज्याला अडवायचंय त्याने पुढे यावं," ती म्हणाली. "डुक्कर कसं कापतात ते वीस वर्षं बघतेय मी."

कुणी पुढे आलं नाही. तेओ तर जमिनीवरून उठलाही नाही.

इलोइलोपर्यंत आणखी पाच दणके बसले. दर वेळी तो ओरडे, आणि नेलिया रडत रडत वेग वाढवी. दवाखान्याच्या आवारातल्या तंबूत त्याला बर्फात ठेवलं, शिरेतून औषध सुरू केलं. तिथे आणखी तीन. अकरावा बसला तेव्हा फक्त आवाजावरून ओळखलेल्या अनालिनला तो म्हणाला, "काढा हे. मरू द्या मला." मास्क आणि चष्म्याआड तिचे डोळेच काय ते दिसत होते. तिने त्याचा हात सोडला नाही. संध्याकाळी ताप उतरला आणि हृदय ताळ्यावर आलं.

महामारीचीच लागण निघाली. अठरा दिवसांनी, बॅटरी अगदी तळाशी असताना, नवं यंत्र बसलं.

घरी आलेला क्रिसांतो मात्र वेगळा होता. ताट वाजलं तरी छाती धरून बसायचा. महिनाभर आडवा झाला नाही, भिंतीला टेकूनच डुलक्या घेई. डॉक्टर म्हणाले, असे दणके खाल्लेल्यांचं असंच होतं. नेलियाला पंचायतीने सुरी उगारल्याबद्दल माफी मागायला बोलावलं. ती कपाळावरच्या टाक्यांसकट गेली, "आधी ह्याची माफी कोण मागतो?" एवढंच विचारून परत आली.

नाताळच्या आदल्या सकाळी तेओ कुंपणाशी आला. हातात केळीच्या पानात बांधलेला भात.

"पारे, मी घाबरलो होतो."

"मीही घाबरलोच होतो," क्रिसांतो म्हणाला. "मी कुणाला मारलं नाही."

तेओने भात कुंपणावरून पुढे केला.

"पोरीला नाताळच्या आशीर्वादाला पाठव," क्रिसांतो म्हणाला. "तिला ह्या घरात कुणी अडवणार नाही. तू मात्र इतक्यात येऊ नकोस."