हार घालू नका, देव होईल त्याचा

माझ्या साडूइतकं देवाशी भांडण चिखलीपासून चाकणपर्यंत कुणी केलं नसेल. त्याच्या धाकानं आमच्या भागातले देव शनिवारीसुद्धा आतून कडी लावून बसत असावेत. दारू सोडवायला मी त्याला संत तुकाराम नगरातल्या, दारू सोडलेल्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये नेलं. मी तिथला जुना गडी. तिथं दारू सोडताना ‘आपल्याहून मोठ्या शक्ती’वर भरवसा टाकायचा असतो. तर पहिल्याच मीटिंगला हा त्या शब्दांवर अडून बसला. “शक्ती म्हणता आणि मागल्या दारानं देव आत घेता व्हय?” आमचे म्होरके काका, कपाळावर ठसठशीत गंध लावणारे, शांतपणे म्हणाले, “देवच पायजे असं न्हाई बाबा. तुला वाकवील असं काहीही शोध.”

पुढच्या मीटिंगला हा नाचतच आला. “गावली! आमच्या कंपनीतला पत्रा ठोकणारा पॉवर प्रेस! नवस घेत न्हाई, आणि पिऊन आलेल्याचा हात परत देत न्हाई!” त्या प्रेसचा दणका असा, की चाकणला पडला तर आळंदीत कपबश्या वाजाव्यात. दारू सुटली खरी, पण साडूचं सोवळं सुरू झालं. प्रेसपुढे शिवी द्यायची नाही, तंबाखूच्या हातानं बटण दाबायचं नाही, सेफ्टी शूज लांब काढून यायचं. या शेवटच्या कलमानं सेफ्टी ऑफिसरला भोवळ आली. खंडेनवमीला पोरं झेंडू घेऊन आली, तर हा आडवा. “हार घालू नका, देव होईल त्याचा!”

“अन् तुमी रोज वाकून पाया पडता ते?”

“पाया न्हाई पडत, ऑइल लेव्हल बघतो!”

काकांनी मिश्कीलपणे विचारलं, “उपास कधी धरतोस?”

“गुरुवारी. त्या दिवशी त्याचा मेंटेनन्स असतो.”

मग कंपनीनं नवं मशीन आणलं आणि जुना प्रेस गॅसनं कापून भंगारात काढला. मेहुणीचा फोन आला, “दाजी, हे घरी आले न्हाईत, फोन उचलत न्हाईत. आज पितील हो!” मी गाडी काढून चाकण रोडचे सगळे बार पालथे घातले. शेवटी हरून ग्रुपच्या हॉलवर गेलो, तर मीटिंग चालू, आणि साडू काकांच्या शेजारी. डोळे लाल, तोंडाला वास मात्र नाही. “कापला राव त्याला,” एवढंच म्हणाला. वाटलं, आता काका आपला देव पुढे करणार. काकांनी फक्त स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले; साडूच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी. साडूचे ओठ हलले नाहीत. प्रार्थना संपली, माणसं पांगली, काका खुर्च्या एकात एक रचू लागले, तरी त्यानं माझा हात सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही.